माप, नाणे आणि पावती

नवी सून उंबरठ्यावरचे माप पायाने लवंडून घरात येते, ही रीत आपल्याकडे अजून सांभाळली जाते. त्या दिवशी मापाचा शोध सुरू होतो. कुणाच्या माळ्यावर जुना शेर निघतो, कुणाकडे पायली, आणि काहीच सापडले नाही तर स्टीलच्या तांब्यावर भागवतात. एके काळी याच मापाने आपल्या जिल्ह्याचा बाजार चालत असे. माप, नाणे आणि कागद या तीन गोष्टी कुणाच्या हातात आहेत, यावर विकत घेणाऱ्याचे नशीब ठरत असे. यंदाच्या स्मरणिकेत सणाच्या आठवणींऐवजी हा हिशेब मांडावा, असे आम्हाला वाटले.

गिऱ्हाईक आणि ग्राहक हा मुळात एकच शब्द. संस्कृतातला ग्राहक बोलण्यात झिजून गिऱ्हाईक झाला. पण मराठीत 'एखाद्याचे गिऱ्हाईक करणे' म्हणजे त्याची टर उडवणे, त्याला मामा बनवणे. हा अर्थ कुठून आला हे कळण्यासाठी जुन्या बाजारात एक फेरी मारली तरी पुरे.

आपला जिल्हा, जुन्या कागदांतले एदलाबाद, नदीच्या काठावर आहे, म्हणजेच सरहद्दीवर आहे. निजामाच्या काळात पैनगंगेच्या अल्याड हाली शिक्का चाले आणि पल्याड इंग्रजांचा कलदार. सरकारी दराने 6 कलदारांना 7 हाली, म्हणजे 100 कलदारांना 116 रुपये 10 आणे 8 पै हाली. हा हिशेब तोंडी करून पाहावा. शाळेत न गेलेला शेतकरी वणी किंवा पांढरकवड्याच्या बाजाराहून परतल्यावर हाली आणि कलदार यांचा मेळ कसा घालत असेल? तो घालतच नसे. त्याच्यासाठी तो दुकानदार घाली, आणि मधला बट्टा कुठे गेला हे विचारायची सोय नव्हती. मापांचेही तेच. शेर, पायली, मण ही नावे सगळीकडे सारखी, पण पायलीत किती मावायचे हे गावागावाने ठरवलेले. घेताना एक माप आणि देताना दुसरे ही तक्रार इतकी जुनी आहे की 'मापात पाप' हे शब्द आपल्या बोलण्यात कायमचे बसले.

कापसाच्या बाजारात आणखी एक गंमत होती. अडत्या आणि खरेदीदार रुमालाखाली हात घालून बोटांच्या खुणांनी भाव ठरवत. ज्याचा माल, तो शेजारी उभा असे, आणि भाव काय ठरला हे त्यालाच कळत नसे. मग पट्टी हातात येई. तीत अडत, दलाली, हमाली, तोलाई, धर्मादाय, कडता असे एकामागून एक आकडे वजा झालेले असत. धर्मादायाने कुठल्या देवळाचा कळस चढला, हे विचारणे म्हणजे धर्मावरच शंका घेणे!

या प्रकाराला पहिला आवर घातला गेला तो नदीच्या पलीकडे, वऱ्हाडात. वऱ्हाड नावापुरते निजामाचे, कारभार मात्र इंग्रजांचा. 1886 मध्ये हैदराबादच्या रेसिडेंटच्या हुकुमाने कारंज्याचा कापूस बाजार नियमांखाली आला. देशातला पहिला नियंत्रित बाजार म्हणून त्याचेच नाव घेतले जाते. 1897 साली वऱ्हाडच्या कापूस आणि धान्य बाजारांसाठी स्वतंत्र कायदा झाला. हुकूम हैदराबादच्या रेसिडेन्सीतून निघाला आणि लाभ आधी कारंज्याला झाला. संस्थानात शेतमाल बाजाराचा कायदा यायला 1930 साल उजाडले. तोवर जवळजवळ पंचेचाळीस वर्षे नदीच्या एका काठावर तोलाचा नियम होता आणि दुसऱ्या काठावर रुमाल होता.

इथे एक गोष्ट लपवण्यात अर्थ नाही. आपल्या घरांपैकी काहींचे आजे-पणजे तागडीच्या एका बाजूला होते, तर काहींचे दुसऱ्या बाजूला. उटनूर, आसिफाबादच्या डोंगराळ भागात दुकान मांडून बसलेल्या सावकारांत कोमटी होते, मुसलमान होते, तसे मराठीही होते. मीठ, कापड, लोखंडी अवजारे उधारीवर द्यायची आणि सुगीला तीळ, ज्वारी, कापूस आपल्या भावाने उचलायचा. सावकाराची वही मोडीत, कचेरीचा कागद उर्दूत, आणि अंगठा उमटवणाऱ्याची बोली गोंडी. तिघांनाही समजेल असा कागद त्या व्यवहारात नव्हताच. जमिनी गेल्या, असंतोष वाढला, आणि 1940 साली जोडेघाटला कोमरम भीम मारला गेला. त्यानंतर निजाम सरकारने मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांना गोंडांची स्थिती अभ्यासायला पाठवले. मार्लवाईला मुक्काम ठोकून त्यांनी जे पाहिले, त्याचे अहवाल 1945 साली 'ट्रायबल हैदराबाद' या नावाने छापले गेले. कर्जापायी जमीन कशी हातची जाते, हे त्यात लिहिलेले आहे. केसलापूरच्या नागोबा जत्रेत अधिकाऱ्यांनी येऊन बसायचे आणि लोकांची गाऱ्हाणी तोंडी ऐकायची, ही दरबाराची पद्धतही त्याच काळातली. ती अजून चालू आहे. आपल्यातले कितीतरी जण जत्रेला जातात, मेसराम घराण्याची पूजा पाहतात, पाळण्यात बसून येतात. पण लिहिता-वाचता न येणाऱ्याची तक्रार अधिकाऱ्याने समोर बसून ऐकायची, अशी सोय या जिल्ह्यात ग्राहक मंचाच्या कितीतरी आधी होती, हे सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही.

पोलीस कारवाईनंतर हाली शिक्का टप्प्याटप्प्याने बाद झाला. मग 1 नोव्हेंबर 1956 रोजी नकाशाच बदलला. किनवट आणि राजुरा हे तालुके आणि बोथ तालुक्यातले इस्लापूर मंडळ मुंबई राज्यात गेले. मुधोळ, भैंसा, कुबेर ही नांदेडकडची मंडळे इकडे आली. एका घरातल्या दोन भावांची शेते दोन राज्यांत पडली. बाजार मात्र तेच राहिले, कारण बैलगाडीला राज्य कळत नाही.

ते लोण ओसरते न ओसरते तोच 1 एप्रिल 1957 ला नवे पैसे आले. एका आण्याचे 6 नवे पैसे, दोन आण्यांचे 12, तीन आण्यांचे 19 आणि चार आण्यांचे 25, असा सरकारी तक्ता होता. म्हणजे आण्या-आण्याच्या तीन वस्तू वेगवेगळ्या घेतल्या तर 18 पैसे आणि एकदम घेतल्या तर 19. आमच्या घरांतल्या म्हाताऱ्या माणसांनी या एका पैशावरून दुकानात घातलेले वाद आम्ही लहानपणी चवीने ऐकले आहेत. पाठोपाठ 1 ऑक्टोबर 1958 पासून मेट्रिक वजने येऊ लागली आणि 1962 पर्यंत देशभर सक्तीची झाली. ऐंशी तोळ्यांचा शेर सुमारे 933 ग्रॅमचा, म्हणजे पावशेर 233 ग्रॅमचा. आज आपण पावशेर मिरच्या मागतो आणि 250 ग्रॅम घेतो. वजनावर सरकारी शिक्का आला, आणि आदिलाबादचा किलो व यवतमाळचा किलो प्रथमच एक झाले. स्वातंत्र्याने विकत घेणाऱ्याला काय दिले असे कुणी विचारले, तर आम्ही आधी या लोखंडी वजनाकडे बोट दाखवू.

पण वजन खरे असले म्हणून माल खरा असतो असे नाही. सत्तरच्या दशकातली टंचाई, काळाबाजार आणि भेसळ ज्यांनी पाहिली, त्यांना रेशनच्या रांगा आठवत असतील. त्या दिवसांत, 1974 साली, पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायत सुरू केली. दादरा-नगर हवेलीच्या मुक्तिसंग्रामात उतरलेला हा माणूस. तेलातल्या भेसळीकडेही तो तितक्याच गांभीर्याने पाहत होता. त्या संग्रामातले त्यांचे सोबती सुधीर फडके इथेही त्यांच्याबरोबर होते. बाबूजींची गाणी आपण प्रत्येक गणेशोत्सवात लावतो, पण ग्राहक चळवळीतला त्यांचा वाटा बहुतेकांना ठाऊक नसतो. 1975 मध्ये मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. तिची रीत अगदी घरगुती होती. शेजारच्या काही कुटुंबांनी एक गट करायचा, महिन्याच्या सामानाची यादी एकत्र द्यायची, संस्थेने घाऊक माल आणायचा, आणि वाटणीचे काम गटातल्या बायका-पुरुषांनी आळीपाळीने करायचे. मोर्चा नाही, घोषणा नाही. तूरडाळ चांगली कोणती आणि तिचा भाव काय, हे दुकानदाराने सांगायच्या ऐवजी गटाने ठरवायचे. 'पंचायत' हा शब्द आम्हाला फार नेमका वाटतो. एकट्या गिऱ्हाइकाची टर उडवता येते, चाळीस घरांची उडवता येत नाही.

बाहेरच्या जगातही हेच वारे होते. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनी 15 मार्च 1962 रोजी संसदेला पाठवलेल्या संदेशात ग्राहकाचे चार हक्क मांडले होते. एप्रिल 1985 मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाने ग्राहक संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली. आपल्याकडे 24 डिसेंबर 1986 रोजी ग्राहक संरक्षण कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली. सुरक्षितता, माहिती, निवड, म्हणणे ऐकले जाणे, दाद मिळणे आणि ग्राहक शिक्षण असे सहा हक्क त्यात मोजले आहेत. ते कुठल्याही सरकारी फलकावर वाचायला मिळतात. आम्हाला त्याहून मोठी वाटते ती त्यातली साधी सोय. साध्या कागदावर तक्रार लिहावी, वकील नसला तरी चालेल, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी ती दाखल करावी. दिवाणी कोर्टाच्या पायरीला शहाण्याने लांबूनच नमस्कार करावा असे मानणाऱ्या समाजाला हे नवीनच होते. पुढे 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पैसे घेऊन केलेले वैद्यकीय उपचारही 'सेवा' आहेत असे ठरवले. विमा, बँक, वीज यांच्याविरुद्धच्या तक्रारी तर रोजच्याच झाल्या.

आपल्या जिल्ह्याचा खरा प्रश्न मात्र बियाण्याचा होता आणि आहे. बीटी कापसाला 2002 मध्ये परवानगी मिळाली आणि काळ्या मातीचा हा पट्टा बघता बघता पांढरा झाला. तेव्हा आपण आंध्र प्रदेशात होतो. 450 ग्रॅमच्या पाकिटाला 1,600 रुपयांच्या पुढे मोजावे लागत, आणि त्यातला मोठा भाग तंत्रज्ञानाच्या शुल्काचा. 2006 च्या सुरुवातीला आंध्र प्रदेश सरकार याविरुद्ध थेट मक्तेदारी आयोगाकडे गेले. मे महिन्यात शुल्क कमी करण्याचा अंतरिम आदेश निघाला आणि राज्यात पाकीट 750 रुपयांवर आले. एखादे राज्य सरकार आपल्या शेतकऱ्यांच्या वतीने, गिऱ्हाईक म्हणून, भाव पाडायला उभे राहिल्याची अशी उदाहरणे थोडी आहेत.

भाव उतरला, पण उगवलेच नाही तर काय? बियाणे कायदा 1966 पासून आहे. तो विक्रेत्याला दंड करतो. हंगाम गेलेल्या शेतकऱ्याच्या हातात त्याने काही पडत नाही. ग्राहक मंचात गेले की कंपन्यांचे वकील तीन गोष्टी पुढे करत. बियाण्याला वेगळा कायदा आहे, मग इथे कशाला आलात? शेतकरी पीक विकतो, म्हणजे हा धंदा झाला, तो ग्राहक कसा? आणि तिसरी बाब फार बेरकी होती: दोष सिद्ध करायला बियाणे प्रयोगशाळेत तपासायला हवे, तर नमुना आणा. ज्याने सगळे पाकीट पेरून टाकले, तो नमुना आणणार कुठून?

'नॅशनल सीड्स कॉर्पोरेशन विरुद्ध एम. मधुसूदन रेड्डी' या खटल्यात 16 जानेवारी 2012 रोजी सर्वोच्च न्यायालयाने याचा निकाल लावला. आंध्र प्रदेशातल्या शेतकऱ्यांची प्रकरणे जिल्हा मंचांतून चढत तिथवर गेली होती. शेतकरी हा ग्राहकच आहे, असे न्यायालयाने म्हटले. बियाणे कायदा असला तरी ग्राहक कायद्याची वाट बंद होत नाही, ती जास्तीची वाट आहे. आणि पेरणाऱ्याने पुढे कधी खटला होईल म्हणून मूठभर बी बाजूला काढून ठेवावे, अशी अपेक्षा करता येत नाही. त्याच लॉटचा नमुना कंपनीकडे असायला हवा. ज्या समाजात दाणा-दाणा जमिनीत जातो, त्या समाजाचे हे वास्तव दिल्लीच्या न्यायालयात मान्य झाले, याला आम्ही कारंज्याच्या हुकुमाइतकेच महत्त्व देतो.

एक फरक मात्र ध्यानात ठेवावा, कारण घरोघरी यावर गोंधळ आहे. बियाणे, खत, औषध, मोटार विकत घेताना शेतकरी ग्राहक असतो. स्वतःच्या पोटापाण्यासाठी ट्रॅक्टर घेतला तरी तो ग्राहकच. पण कापूस घेऊन यार्डात गेला की तो विकणारा होतो. तिथे ओलावा 12 टक्क्यांच्या वर दाखवून गाडी परत पाठवली, तर ते भांडण ग्राहक आयोगाचे नव्हे, बाजार समितीचे. रुमालाची जागा ओलावा मोजण्याच्या यंत्राने घेतली आहे, एवढे म्हणून हा विषय इथेच सोडतो.

आता सरहद्दीची गोष्ट. 1986 च्या कायद्यात तक्रार करायची ती जिथे दुकानदार राहतो किंवा धंदा करतो तिथे, किंवा जिथे व्यवहार घडला तिथे. इतर जिल्ह्यांना याची फारशी झळ बसत नसे, आपल्याला बसे. लग्नाचा बस्ता नांदेडचा, फ्रीज नागपूरचा, पंप यवतमाळचा. माल बिघडला की तारखेला जायचे नागपूरला. आमच्याच एका घरात परक्या शहरातून आणलेला पाण्याचा पंप तीन महिन्यांत जळाला होता. पावती होती, हमीपत्र होते, दुकानदार मात्र दाद देईना. चार तारखांचे गाडीभाडे आणि बुडणारी मजुरी यांची बेरीज पंपाच्या किमतीशी ताडून पाहिली आणि विषय सोडून दिला. असे सोडून दिलेले विषय आपल्या वस्तीत घरटी एकदोन तरी निघतील.

2019 चा नवा कायदा 20 जुलै 2020 पासून लागू झाला आणि ही अडचण एका कलमाने दूर झाली. तक्रारदार जिथे राहतो किंवा पोटासाठी काम करतो, तिथल्या जिल्हा आयोगातही आता तक्रार करता येते. दुकान नांदेडचे असो की पुण्याचे, तारीख आपल्या जिल्ह्यात पडेल. मोजलेली रक्कम 50 लाखांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्हा आयोगाकडे, आणि 5 लाखांपर्यंत असेल तर फी काहीच नाही. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची. तक्रार घरबसल्या ऑनलाइन दाखल करण्याचीही सोय आहे, आणि त्याआधी सल्ला हवा असेल तर 1915 हा राष्ट्रीय हेल्पलाइनचा क्रमांक आहे. ऑनलाइन मागवलेल्या मोबाइलच्या डब्यात साबणाची वडी निघाली म्हणून हळहळत बसणाऱ्या आपल्या नातवंडांनाही हेच लागू.

हे सगळे कशावर उभे आहे? पावतीवर. मृगाच्या आधी आपल्या भागात चोर बीटीची सुटी पाकिटे फिरतात. तणनाशक मारले तरी पीक जळत नाही, भाव कमी, आणि आणून देणारा ओळखीचाच असतो. या बियाण्याला परवानगी नाही, म्हणून त्याची पावतीही नाही. पिशवीवर लॉट नंबर नाही, कंपनीचे नाव खरे असेलच असे नाही. उगवले नाही तर 2012 चा निकाल असून उपयोग नाही, कारण कुणाकडून काय घेतले हेच दाखवता येत नाही. कायद्याने ग्राहक झालेला माणूस त्या एका व्यवहारात पुन्हा हाली-कलदाराच्या काळातला गिऱ्हाईक होतो, आणि तेही स्वतःच्या हाताने.

आमच्यातल्या एका घरात, जुन्या शेराच्या मापातच, गेल्या काही हंगामांच्या बियाण्यांच्या पावत्या गुंडाळून ठेवल्या आहेत. सोबत रिकामी पाकिटेही आहेत, लॉट नंबरची बाजू न फाडलेली. गेल्या वर्षी लग्नाच्या वेळी माप हवे होते, तेव्हा आधी त्या पावत्या काढून देव्हाऱ्यात ठेवाव्या लागल्या. सून घरात आली, तांदूळ झाडून झाले, आणि संध्याकाळी आजींनी त्या मोजून पुन्हा मापात ठेवल्या.